ईश्वराचे दान आणि जीवाचा स्वीकार
(ख्रिस्ती दर्शनातील सार्वत्रिक तारणाचा विचार)

उद्धार करणारा एकटा ईश्वरच आहे, जीवाच्या ठिकाणी स्वतःला तारून नेण्याचे सामर्थ्य नाही, असे मानणाऱ्या प्रत्येक दर्शनापुढे एक प्रश्न अटळपणे उभा राहतो. तो उद्धार कोणासाठी आहे? सर्वांसाठी आहे असे म्हणावे, तर सर्वांचा उद्धार होताना का दिसत नाही? काहींसाठीच आहे असे म्हणावे, तर ज्यांना वगळले त्यांच्या दृष्टीने त्या ईश्वराला दयाळू कोणत्या अर्थाने म्हणावे? ख्रिस्ती धर्मामध्ये या प्रश्नावर सोळा शतके अखंड वाद चालला. त्या वादात धर्मसभा भरल्या, ग्रंथ निषिद्ध ठरले, जिवलग सहकारी परस्परांपासून दूर झाले. परधर्मीयांचा हा वाद म्हणून तो बाजूस सारता येण्यासारखा नाही. कृपा, अधिकार, स्वीकार आणि न्याय या चारही संकल्पनांचा कस त्यात लागलेला आहे. म्हणून त्याचे क्रमशः निरूपण करणे उपयुक्त ठरेल.

प्रश्नाची भूमिका

मराठी ख्रिस्ती समाज मोक्षासाठी ‘तारण’ हा शब्द योजतो. बुडणाऱ्याला तारणे हा त्यातील मूळ भाव होय. ख्रिस्ती मतानुसार जीव हा ईश्वराने निर्माण केलेला आहे, अनादी नाही. त्याला मनुष्यजन्म एकदाच मिळतो. आदिपुरुषाच्या अवज्ञेमुळे सर्व मानवजात पापाधीन झाली आणि त्या पापातून स्वतःच्या पुण्यबळाने बाहेर पडणे कोणालाही शक्य राहिले नाही. म्हणून ईश्वराने येशू ख्रिस्ताच्या रूपाने मनुष्यदेह धारण केला. त्याच्या वधस्तंभावरील मरणाने पापाचे ऋण फिटले, आणि जो श्रद्धेने या दानाचा स्वीकार करतो त्याचे तारण होते. हे तारण विकत घेता येत नाही, कमावता येत नाही. ते केवळ दान आहे. या शेवटच्या मुद्द्यावर ख्रिस्ती धर्मातील प्रमुख परंपरांचे मूलतः ऐकमत्य आहे.

येथे महानुभाव वाचकाने एक भेद आरंभीच ध्यानात घ्यावा. जीव अनादी आहे आणि त्याला अनेक जन्म आहेत असे मानले, म्हणजे या जन्मी ज्ञानाचा योग आला नाही तरी पुढे तो येण्यास अवकाश राहतो. ख्रिस्ती विचारात असा अवकाश नाही. जन्म एक, मरण एक, आणि त्यानंतर न्याय. त्यामुळे ज्याच्या कानी शुभवर्तमान पडले नाही, किंवा जो बालक काही समजण्यापूर्वीच मरण पावला, त्याचे काय, हा प्रश्न तेथे विलक्षण तीव्र होतो. दार एकदाच उघडत असेल, तर ते कोणाकोणासाठी उघडले याचा हिशोब द्यावाच लागतो.

तीन वचने आणि त्यांचा विरोध

सर्व वादाचे मूळ तीन वचनांत सापडते. पहिले असे की, सर्व मनुष्यांचे तारण व्हावे अशी ईश्वराची इच्छा आहे. पौलाने आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हा आशय स्पष्ट शब्दांत आलेला आहे. दुसरे असे की, ईश्वराची इच्छा अमोघ आहे. तो जे इच्छितो ते घडवतो, आणि तारण सर्वस्वी त्याच्याच हाती आहे. तिसरे असे की, काही मनुष्यांचे तारण होत नाही. येशूच्या अनेक दृष्टान्तांत शेवटी आत घेतलेले आणि बाहेर राहिलेले असे दोन वर्ग दिसतात.

या तिन्ही वचनांना शास्त्राधार आहे, परंतु तिन्ही एकाच वेळी जशीच्या तशी सत्य असू शकत नाहीत. सर्वांचे तारण ईश्वर इच्छितो आणि त्याची इच्छा अमोघ आहे, तर कोणीही बाहेर राहू नये. कोणी बाहेर राहत असेल, तर एक तर ईश्वराने त्याचे तारण इच्छिले नाही, अथवा इच्छिले पण ते घडले नाही. म्हणून प्रत्येक ख्रिस्ती विचारपंथाला या तिहींपैकी एका वचनाचा अर्थ संकुचित करावा लागला. कोणी कोणते वचन संकुचित केले, यावरून त्यांचे तीन पक्ष पडतात.

पहिला पक्ष : निवड

पहिल्या पक्षाचा प्रणेता ऑगस्टीन (इ. स. ३५४ ते ४३०) होय. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो नगरीचा हा धर्माध्यक्ष ख्रिस्ती तत्त्वज्ञानातील अत्यंत प्रभावी आचार्य समजला जातो. त्याच्या काळी पेलागियस नावाचा एक तपस्वी असे प्रतिपादन करीत होता की, मनुष्याला सदाचाराची आज्ञा दिली आहे त्या अर्थी ती पाळण्याचे सामर्थ्यही त्याच्यात आहेच. ऑगस्टीनने यास तीव्र विरोध केला. मनुष्याची इच्छाच दूषित झालेली आहे. ईश्वराने स्वतः ती वळवल्याशिवाय ती त्याच्याकडे वळू शकत नाही, असे त्याचे म्हणणे होते. इ. स. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसचे मत त्याज्य ठरवले.

परंतु इच्छा वळवणारा ईश्वरच असेल आणि सर्वांची इच्छा वळलेली दिसत नसेल, तर ईश्वर काहींचीच वळवतो हे ओघानेच आले. मग पौलाच्या त्या वचनाची वाट काय? ऑगस्टीनने ‘सर्व मनुष्ये’ याचा अर्थ ‘सर्व प्रकारची मनुष्ये’ असा लावला. राजे आणि रंक, विद्वान आणि अडाणी, अशा प्रत्येक वर्गातून ईश्वर आपली माणसे निवडतो. हा अर्थ चातुर्याचा आहे, परंतु त्यात मूळ वचनातील विशालता हरपते. बाप्तिस्मा न होता मरण पावलेली अर्भकेही ऑगस्टीनच्या मते तारणास मुकतात. त्यांना होणारी शिक्षा सर्वांत सौम्य असते, एवढाच दिलासा त्याने दिला.

इ. स. ५२९ च्या ऑरेंज येथील धर्मसभेने कृपेची अनिवार्यता मान्य केली, तथापि ईश्वराने कोणास पापासाठीच नेमून ठेवले आहे हे मत मात्र धिक्कारले. सोळाव्या शतकात जॉन कॅल्विनने या विचाराला अधिक कठोर रूप दिले. त्याच्या मते ईश्वराने काहींना जीवनासाठी आणि काहींना नाशासाठी पूर्वीच नेमलेले आहे. या नेमणुकीचे कारण विचारण्याचा अधिकार निर्मित जीवाला नाही. हॉलंडमधील डॉर्ट येथे १६१८-१९ मध्ये भरलेल्या धर्मसभेने असे ठरवले की, ख्रिस्ताचे मरण संपूर्ण जगाच्या पापास पुरेसे आहे, परंतु ते फलद्रूप होते निवडलेल्यांच्याच ठिकाणी.

या पक्षाचे सामर्थ्य नाकारता येणार नाही. ‘मी चांगला होतो म्हणून तरलो’ असा अहंकार त्यात यत्किंचितही उरत नाही. शिवाय, कृपा हे ऋण नव्हे; ज्याला ती मिळाली नाही त्याच्यावर अन्याय झाला असे म्हणता येत नाही, कारण त्याचा तिच्यावर हक्कच नव्हता, हा युक्तिवादही बिनतोड दिसतो. परंतु न्याय सिद्ध झाला म्हणजे दया सिद्ध झाली असे होत नाही. दोघे बुडत असता ज्याला दोघांनाही काढता येते त्याने एकालाच काढले, तर दुसऱ्याचे त्याच्याकडे काही येणे नव्हते हे खरे. तथापि त्याला दोघांवरही प्रेम होते असे कोणी म्हणणार नाही.

यातून एक व्यावहारिक अडचणही उद्भवली. निवड ठरलेलीच असेल, तर प्रचारकाने सर्वांना ‘या’ म्हणावे कसे? ज्याच्यासाठी दान ठेवलेलेच नाही त्याला दान देऊ करणे प्रामाणिकपणाचे आहे काय? अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये काही उपदेशक या शंकेमुळे न निवडलेल्यांना आमंत्रण देण्याचेच टाळू लागले. अँड्र्यू फुलर या बाप्तिस्त धर्मोपदेशकाने १७८५ मध्ये ग्रंथ लिहून त्यांना उत्तर दिले. पांगळा चालू शकत नाही ही एक असमर्थता, आणि धडधाकट मनुष्य चालू इच्छीत नाही ही दुसरी. पाप्याची असमर्थता दुसऱ्या प्रकारची आहे. म्हणून त्याला बोलावणे सार्थ आहे आणि न येणे हा त्याचाच दोष आहे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. फुलरचा मित्र विल्यम केरी याने १७९२ मध्ये परदेशांत धर्मप्रसार करण्याचे कर्तव्य प्रतिपादणारी पुस्तिका लिहिली आणि पुढील वर्षी तो बंगालमध्ये आला. श्रीरामपूर येथून मराठीचे व्याकरण (१८०५) आणि कोश (१८१०) प्रसिद्ध करणारा केरी तो हाच. सर्वांना आमंत्रण द्यावे की न द्यावे, या इंग्लंडातील एका पंथीय वादाच्या निर्णयाचा मराठी भाषेच्या इतिहासाशी असा संबंध आहे.

दुसरा पक्ष : स्वीकार

दुसरा पक्ष म्हणतो की, ईश्वर खरोखरच सर्वांचे तारण इच्छितो. परंतु त्याने मनुष्याला नकार देण्याचे स्वातंत्र्य दिले आहे आणि तो स्वतः ते मोडीत नाही. पौर्वात्य ख्रिस्ती परंपरा सामान्यतः याच बाजूची आहे. पश्चिमेत डच धर्मशास्त्रज्ञ याकोब आर्मिनियस (मृत्यू १६०९) याच्या नावाने हा पक्ष ओळखला जातो. डॉर्टच्या सभेने ज्यांचे मत त्याज्य ठरवले ते त्याचेच अनुयायी होत.

यावरचा आक्षेप उघड आहे. दान सर्वांपुढे सारखेच ठेवले असता एकाने ते घेतले आणि दुसऱ्याने नाकारले, तर दोघांत भेद करणारी गोष्ट घेणाऱ्याची स्वतःची कृती ठरली. मग तारण केवळ कृपेने झाले हे कसे म्हणावे? आर्मिनियसने याला भिकाऱ्याचा दृष्टान्त दिला आहे. श्रीमंताने दिलेली भिक्षा घेण्यासाठी उपाशी भिकारी हात पुढे करतो. त्याने हात पुढे केला म्हणून ती भिक्षा भिक्षा राहत नाही काय? दृष्टान्त समर्पक आहे. घेणे ही कृती खरी, परंतु ती अर्जन नव्हे. रिकामा हात पुढे करण्यात कोणते पुण्य साठते? उलट आपला हात रिकामा आहे याची कबुलीच त्यात असते. या पक्षाने त्याही पुढे जाऊन सांगितले की, हात पुढे करण्याची शक्तीसुद्धा ईश्वराची कृपाच आधी देते. मनुष्य केवळ ती अडवू शकतो.

रोमच्या धर्मपीठाने ऑगस्टीनला आचार्य मानूनही सार्वत्रिकतेचा त्याग केला नाही. इ. स. ८५३ मध्ये क्येर्झी येथील सभेने ख्रिस्ताने ज्याच्यासाठी दुःख सोसले नाही असा एकही मनुष्य नाही, असे ठरवले. १६५३ मध्ये पोप दहावे इनोसंट यांनी यान्सेनच्या ग्रंथावरून निघालेली पाच विधाने त्याज्य ठरवली, त्यांत ख्रिस्त सर्वांसाठी मरण पावला असे म्हणणे हे पाखंड होय, अशा आशयाचे विधान होते.

इंग्लंडमध्ये हाच वाद दोन मित्रांमध्ये झाला. जॉन वेस्ली आणि जॉर्ज व्हाइटफील्ड हे दोघेही उघड्या मैदानात सहस्रावधी श्रमिकांना उपदेश करणारे. वेस्लीने १७३९ मध्ये निवडीच्या सिद्धान्तावर कडाडून टीका करणारे प्रवचन प्रसिद्ध केले. व्हाइटफील्डने १७४० च्या डिसेंबरात त्याला लेखी उत्तर लिहिले. दोघांचे मार्ग वेगळे झाले. परंतु पुढे सख्य पुन्हा जुळले, आणि १७७० मध्ये व्हाइटफील्ड मरण पावल्यावर लंडनमध्ये त्याच्या स्मरणार्थ प्रवचन केले ते वेस्लीनेच. सिद्धान्तात न मिटलेला विरोध आचरणात मिटला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

तिसरा पक्ष : अंतिम समेट

तिसरा पक्ष पहिली दोन वचने जशीच्या तशी ठेवून तिसऱ्याचा संकोच करतो. शिक्षा आहे, परंतु ती नित्य नाही. ती शुद्धीसाठी आहे, आणि अखेरीस सर्व जीव ईश्वराकडे परततील. तिसऱ्या शतकातील ओरिगेन हा या मताचा आद्य पुरस्कर्ता. चौथ्या शतकातील निस्साचा ग्रेगरी यानेही ते निराळ्या युक्तीने मांडले. वाईटाला सीमा आहे, चांगल्याला नाही. म्हणून वाईटाच्या मार्गाने जाणारा जीव कधीतरी त्याच्या टोकाला पोचतो आणि त्याला मागे वळावेच लागते. सहाव्या शतकात ओरिगेनच्या नावावरील मते निषिद्ध ठरली. ग्रेगरी मात्र संत म्हणून पूज्य राहिला.

या मतावरचा मुख्य आक्षेप नैतिक आहे. शेवट ठरलेलाच असेल, तर आजच्या निवडीला वजन काय राहिले? अत्याचारी आणि पीडित यांची यात्रा एकाच ठिकाणी संपणार असेल, तर पीडिताच्या अश्रूंचे मोल कोणी केले? यास प्रत्युत्तर असे की, शुद्धीची वेदना ही थट्टा नव्हे, आणि अत्याचाऱ्याला आपल्या कृत्याचे खरे स्वरूप दिसणे ही शिक्षांतील सर्वांत मोठी शिक्षा होय. विसाव्या शतकात स्विस धर्मतत्त्वज्ञ हान्स उर्स फॉन बाल्थासार याने १९८६ मध्ये मध्यम मार्ग सुचवला. सर्वांचे तारण होईलच असे ठामपणे म्हणण्याचा अधिकार मनुष्याला नाही. परंतु तशी आशा धरणे हे त्याचे कर्तव्य आहे. रोमन कॅथलिक पीठाने आजवर असंख्य व्यक्तींना संत म्हणून घोषित केले, परंतु अमुक एक मनुष्य नरकात गेला असे कोणाही व्यक्तीविषयी कधी घोषित केलेले नाही, ही गोष्ट या आशेला पूरक आहे.

ज्यांच्या कानी पडलेच नाही

आतापर्यंतचा विचार ज्यांनी आमंत्रण ऐकले त्यांच्याविषयी झाला. खरी कसोटी यापुढे आहे. फ्रान्सिस झेविअर १५४२ मध्ये गोव्यास आला आणि १५४९ च्या ऑगस्टमध्ये जपानच्या कागोशिमा बंदरात उतरला. जपानहून परतल्यावर जानेवारी १५५२ मध्ये कोचीनहून युरोपातील आपल्या संघबंधूंना लिहिलेल्या पत्रात त्याने यामागुची येथील लोकांच्या शंका नमूद केल्या आहेत. लोकांनी त्याला विचारले की, तुमचा ईश्वर इतका दयाळू आहे तर तुम्ही येईपर्यंत त्याने आम्हांला आपली ओळख का दिली नाही? झेविअरने उत्तर दिले की, ईश्वराचा नियम सर्वांत प्राचीन आहे. चीनमधून धर्मग्रंथ येण्यापूर्वीही हत्या करणे, चोरी करणे, खोटी साक्ष देणे वाईट आहे हे जपानी लोक जाणत होते. रानात एकटा वाढलेला निरक्षर मनुष्यही ते जाणतो, कारण ज्याने त्याला निर्माण केले त्यानेच ते त्याच्या अंतःकरणात लिहिले आहे. या उत्तराने लोकांचे समाधान झाले.

परंतु दुसरी शंका अधिक खोल होती. नवदीक्षितांनी विचारले, आमच्या मृत आईबापांचे काय? पूर्वजांचे काय? प्रार्थना करून, दानधर्म करून त्यांना नरकातून सोडवता येणार नाही काय? झेविअरने त्या काळच्या शिकवणुकीनुसार सांगितले की, त्याला उपाय नाही. ते ऐकून ते लोक रडू लागले. ज्यावर उपाय नाही अशा दुःखाने आपल्या प्रिय मित्रांना रडताना पाहून स्वतःलाही वाईट वाटते, असे त्याने प्रांजळपणे लिहिले आहे.

या प्रसंगाचा बारकाईने विचार केला पाहिजे. झेविअरच्या पहिल्या उत्तरातच दुसऱ्या उत्तराचे खंडन दडलेले होते. ईश्वराचा नियम जर त्या पूर्वजांच्या अंतःकरणात लिहिलेला होता, तर ईश्वराने त्यांच्याशी बोलण्यास आरंभ केलेलाच होता. मग ज्याने ती आतील वाणी ऐकली आणि तिला अनुसरून आयुष्य घालवले, त्याने आमंत्रण नाकारले असे कसे म्हणता येईल? जे आमंत्रण पोचलेच नाही ते नाकारल्याचा दोष कोणावर ठेवता येत नाही. आणि जे पोचले त्याचा अव्हेर ज्याने केला नाही, तो दोषी ठरत नाही. नवदीक्षितांच्या अश्रूंत अज्ञान नव्हते, तर्क होता. पूर्वजांना वगळून मिळणारे तारण त्यांना अपुरे वाटले.

या शंकेचे उत्तर ख्रिस्ती परंपरेत पूर्वीपासूनच बीजरूपाने होते. दुसऱ्या शतकातील हुतात्मा जस्टिन याने म्हटले होते की, ईश्वरी शब्दाचे बीज सर्व मनुष्यांत आहे. त्याला अनुसरून जगलेल्या सॉक्रेटिसादिकांनाही त्याने ख्रिस्ताचेच मानले. तेराव्या शतकात थॉमस अक्विनासने रानात श्वापदांत वाढलेल्या मनुष्याची शंका घेतली आणि निर्णय दिला की, तो आपल्या बुद्धीप्रमाणे चांगल्याचा पाठपुरावा करीत असेल, तर ईश्वर त्याला अंतःप्रेरणेने ज्ञान देईल अथवा त्याच्याकडे उपदेशक पाठवील. चौदाव्या शतकाच्या आरंभी इटालियन कवी दान्ते याने आपल्या महाकाव्याच्या स्वर्गखंडात जी शंका मांडली ती तर भारतीयाविषयीचीच आहे. सिंधूच्या तीरी जन्मलेला एक मनुष्य, जेथे ख्रिस्ताविषयी सांगणारा कोणी नाही. त्याचे आचरण निर्दोष आहे. त्याला दोषी ठरवणारा न्याय कोणता? दान्तेला तेथे मिळणारे उत्तर मानवी बुद्धीची मर्यादा दाखवून थांबते. परंतु लगेच असेही सुचवले जाते की, मुखाने ख्रिस्ताचे नाव घेणारे अनेक जण शेवटी त्याला न जाणणाऱ्यांपेक्षाही दूर असतील.

तथापि या बीजाच्या विकासास अनेक शतके लागली. ‘धर्मसंघाबाहेर तारण नाही’ हे तिसऱ्या शतकातील सिप्रियनच्या विचारातून रूढ झालेले सूत्र १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या महासभेने अत्यंत कठोर शब्दांत घोषित केले होते. १९४९ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे लेनर्ड फीनी या धर्मगुरूने त्याच सूत्राचा अक्षरशः अर्थ लावला, तेव्हा रोमनेच तो अर्थ अमान्य केला; पुढे १९५३ मध्ये आज्ञाभंगाबद्दल त्याला बहिष्कृत करण्यात आले. संघाबाहेर कोणी तरत नाही असे फार कठोरपणे म्हणणाराच काही काळ संघाबाहेर गेला, आणि १९७२ मध्ये त्याला पुन्हा आत घेण्यात आले. अखेर १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने अधिकृतपणे मान्य केले की, स्वतःच्या दोषावाचून जे ख्रिस्ताला ओळखत नाहीत, परंतु शुद्ध अंतःकरणाने ईश्वराचा शोध घेतात आणि सदसद्विवेकाने जे कळते ते आचरतात, त्यांनाही तारण प्राप्त होऊ शकते. बाप्तिस्म्यावाचून मरण पावलेल्या अर्भकांविषयी २००७ मध्ये रोमच्या धर्मतत्त्वविषयक आयोगाने असा निर्वाळा दिला की, त्यांच्या तारणाची आशा धरण्यास सबळ आधार आहे. ऑगस्टीनपासून येथवरचे अंतर सुमारे सोळा शतकांचे आहे. या काळात किती मातांनी आपल्या मृत अर्भकाविषयी दुहेरी शोक केला असेल याची गणती नाही.

सर्व ख्रिस्ती पंथांनी हा निर्णय स्वीकारलेला नाही. ज्याने ख्रिस्ताचे नाव ऐकून त्यावर प्रत्यक्ष श्रद्धा ठेवली नाही त्याला तारण नाही, असे मानणारे पंथ आजही पुष्कळ आहेत. त्यांचा आक्षेप असा की, ऐकल्यावाचून तारण होत असेल तर सांगण्याची गरजच काय? परंतु वैद्यावाचूनही काही रोगी बरे होतात म्हणून वैद्याने घरी बसावे असे कोणी म्हणत नाही. ज्याला सत्य सापडले तो ते दुसऱ्याला सांगतो, यास दुसऱ्याच्या विनाशाची भीती हे एकच कारण लागत नाही. सापडल्याचा आनंद हेही पुरेसे कारण आहे.

दानाची रीत

आमंत्रण सर्वांसाठी आहे असे म्हणणाऱ्यावर दोन बंधने आपोआप येतात. पहिले बंधन भाषेचे. ज्याला कळणार नाही अशा भाषेत दिलेले आमंत्रण हे आमंत्रण नव्हे. १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि १६१६ मध्ये ते छापले गेले, ते या बंधनाच्या जाणिवेतूनच. श्रीनागदेवाचार्यांनी म्हाताऱ्या बायाबापड्या ज्ञानास वंचित होऊ नयेत म्हणून संस्कृताऐवजी मराठीचा आग्रह धरला, हा ‘स्मृतिस्थळा’तील प्रसंग वाचकांस ज्ञात आहेच. दोन्ही ठिकाणी श्रद्धा भिन्न आहेत, काळ भिन्न आहेत; पण उद्धार सर्वांसाठी असेल तर त्याची वाणीही सर्वांची असली पाहिजे, हा न्याय एकच आहे.

दुसरे बंधन स्वातंत्र्याचे. जे लादले जाते ते दान राहत नाही. ज्या गोव्यात स्टीफन्सने ओव्या लिहिल्या त्याच गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला अल्प काळ सोडल्यास, इन्क्विझिशनचे न्यायासन होते. धर्माच्या बाबतीत दंड, कारावास आणि देहान्त शिक्षा देणाऱ्या त्या न्यायासनाने ख्रिस्ती दानसिद्धान्तालाच बाध आणला. हात रिकामा असतो म्हणून तो पुढे होतो. पिरगाळून पुढे केलेला हात याचना करीत नसतो. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात श्रद्धेचा स्वीकार हा स्वभावतःच स्वेच्छेचा असतो, कोणावरही तो लादता येत नाही, असे स्पष्ट केले. हे तत्त्व नवे नव्हते. ‘दान’ या शब्दातच ते अंतर्भूत होते. ते विसरले गेले होते.

निर्णय

तीन पक्षांपैकी प्रत्येकाने एकेका सत्याचे रक्षण केले आहे. पहिल्याने ईश्वराचे एकमेव कर्तृत्व राखले, दुसऱ्याने त्याच्या आमंत्रणाचा प्रामाणिकपणा राखला, तिसऱ्याने त्याच्या दयेची अखेरची आशा राखली. तर्काच्या पातळीवर या तिहींचा पूर्ण समन्वय झालेला नाही. तथापि त्यांतल्या त्यात दुसऱ्या पक्षाची भूमिका अधिक ग्राह्य वाटते, कारण कर्तृत्व ईश्वराचे आणि दोष जीवाचा ही वाटणी तिच्यात सांभाळली जाते, आणि ईश्वराच्या मुखी खोटे आमंत्रण येत नाही. जोडीला तिसऱ्या पक्षाची आशा धरावी. सिद्धान्त म्हणून ती मांडू नये.

व्यवहाराच्या पातळीवर तर तिन्ही पक्ष एका ठिकाणी येऊन थांबतात. निवडीचा कट्टर पुरस्कार करणाऱ्या डॉर्टच्या सभेनेही शुभवर्तमान भेदभाव न करता सर्वांना सांगावे असेच ठरवले होते. कोण निवडलेला आणि कोण नाही, कोण स्वीकारील आणि कोण नाही, कोणाच्या अंतःकरणात काय लिहिले आहे, हे मनुष्याला दिसत नाही. म्हणून कोणालाही वगळण्याचा अधिकार त्याला नाही. द्राक्षमळ्याच्या दृष्टान्तात धनी सकाळी आलेल्या मजुरांना आणि दिवस मावळताना आलेल्यांना सारखीच मजुरी देतो, तेव्हा कुरकुर करतात ते सकाळी आलेले. त्यांच्या मजुरीत काहीही कमी पडलेले नसते. उशिरा आलेल्यालाही तेवढेच मिळाले, हेच त्यांना सहन होत नाही.

प्रत्येक धर्ममार्गावर आधी आलेले असतात. ईश्वराचे दान सर्वांसाठी आहे या वचनाने कसोटी लागते ती प्रथम त्यांचीच. मार्गावर नंतर आलेल्या, अथवा अद्याप न आलेल्या जीवाविषयी साधकाच्या मनात कुरकुर आहे की कळकळ आहे, हे त्याने स्वतःशी पाहावे. यामागुचीच्या त्या नवदीक्षितांना स्वतःचे तारण झाल्याचे समाधान पुरले नाही. त्यांना आपले मृत आईबाप आठवले. ईश्वराच्या दयेचा अर्थ त्यांना कळला होता असेच म्हणावे लागते.